एक थेंब जास्त

शनिवारी नगर कार्यालय बंद झाल्यावर
आम्ही गावातली माणसं
जुन्या यंत्रातून नव्यात हलवायला घेतली.
चार हजार आठशे बारा.
हीटर एकच, माझ्या पायाशी. डब्यातली कॉफी कोमट.
तोत्तोरीच्या डोंगरात मार्चमध्येही
छपरावरून बर्फ घसरतो, धप्पकन,
तेवढाच काय तो आवाज.

नदीकाठचे गेले, देवळामागचे गेले,
आणि रात्री दोनला यंत्र अडलं.
सदतीस अक्षरांना पलीकडे जागा नाही, म्हणालं.
थांबू, वगळू, की बदलू?
इतक्या नम्रपणे,
जणू चहाचं विचारतंय.

ते सदतीस मला ठाऊक होते.
कुरिहारा-साननी निवृत्तीआधी
चोवीस बाय चोवीसच्या चौकटीत
एकेक ठिपका काळा करत घडवलेली अक्षरं,
कुठल्याच कोशात नसलेली,
आमच्याच गावच्या आडनावांपुरती.
जुन्या यंत्राचा तो चोरकप्पा.
नव्याने उघडून पाहिला,
तर त्याला आत काहीच दिसलं नाही.

मी दमलो होतो. ‘बदलू’ दाबलं.

एप्रिलात सोमेया मिसाओ आल्या.
वय एक्क्याऐंशी, रबरी बूट,
हातात आरोग्यविम्याचं पाकीट.
आडनावाच्या पहिल्या अक्षराजागी
दोन जाड आडव्या रेघा.
मी माफी मागायला वाकलो
आणि वर पाहिलं, तर त्या हसत होत्या.
‘गेता! किती वर्षांनी दिसला.’

तरुणपणी त्या योनागोच्या छापखान्यात खिळे वेचायच्या.
हवा तो खिळा नसला
की हाताशी येईल तो उलटा रोवायचा, बूड वर.
कागदावर उठायचा त्या बुडाचा ठसा,
लाकडी चपलेच्या दोन दातांसारखा.
म्हणून गेता.
तपासणाऱ्याला बरोबर कळायचं,
इथे कुणीतरी यायचं आहे.
चपला तेवढ्या दारात पोचल्यात.

मग त्यांनीच मला ते अक्षर फोडून दाखवलं.
रंगवणं, म्हणजे पाणी, झाड, आणि नऊ :
कापड नऊदा बुडवायचं, असं म्हणतात.
नवऱ्याच्या पणजोबांच्या वेळी
पहिली नोंदवही लिहिणाऱ्या कारकुनाचा
कुंचला जरा जास्त ओला होता.
नवावर थेंब पडला.
थेंबासकट तोच आकडा ‘गोल’ असा वाचतात.
म्हणजे नवाचं झालं वाटोळं,
आणि सरकारी वहीत एकदा झालेलं वाटोळं
कोण निस्तरणार?
चार पिढ्या तो थेंब गिरवत आल्या.

मी म्हटलं, बिनथेंबाचं अक्षर
नव्या यंत्रात आहे. चालेल?

‘सासूने पहिल्या आठवड्यात तोच शिकवला.
मला मुळीच आवडला नव्हता.
मिसाओ नीट आलंय ना? ते माझं.
मग झालं.’

दारापर्यंत गेल्या. परत आल्या.

‘थडग्यावर मात्र थेंब आहे.
पाकीट आणि दगड जुळले नाहीत
तर त्यांना वाटेल,
मी दुसऱ्याच कुणाकडे राहते.’

यंत्रात मी बिनथेंबाचंच अक्षर ठेवलंय.
बाकीच्या छत्तीसांचं काय केलं
ते विचारू नका.
पण त्यांचं पाकीट छापून आलं
की टपालात टाकण्याआधी
मी बारीक कुंचला ओला करतो,
दार लावून घेतो,
आणि नवाच्या अंगावर नेमका एक थेंब.

यंदा जरा मोठाच पडला.
बघू, काही म्हणतात का.